हिमालयात रानगुलाब ओळखायचा कसा? सुरुवात कुंजापासून

मे महिन्यात उत्तराखंडातल्या काठगोदामला उतरून भीमताल, भवालीमार्गे मुक्तेश्वरकडे निघालात की घाटाच्या एखाद्या वळणावर चीडाचं उंच झाड पांढऱ्या फुलांनी लगडलेलं दिसेल. चीड म्हणजे तिकडचा पाइन. त्याला अशी फुलं येत नाहीत. गाडी थांबवून जवळ गेलं की उलगडा होतो: झाड चीडाचंच, पण त्याच्या अंगावरून वीस-पंचवीस फूट वर चढलेलं आणि तिथून पांढऱ्या झुपक्यांनी खाली ओघळलेलं झुडूप वेगळंच आहे. तो कुंजा, हिमालयातला रानगुलाब.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवरच्या दीदींना नाव विचारलं होतं. "कुंजा है, जंगली गुलाब," त्या म्हणाल्या. माझा विश्वास बसेना. ना गुलाबी रंग, ना भरगच्च पाकळ्या. त्यांनी हात लांब करून एक फूल खुडलं आणि माझ्या तळहातावर उलटं ठेवलं. देठाच्या टोकाला छोटा फुगीर गड्डा आणि त्याच्यापासून पसरलेली पाच हिरवी टोकदार निदलं. घरच्या कुंडीतल्या गुलाबाची पाठ अगदी अशीच दिसते. रानगुलाब ओळखायचा तर फुलाचं तोंड बघून भागत नाही, त्याची पाठ आणि त्याचं पोट बघावं लागतं, हे मला त्या दिवशी समजलं. खालच्या बहुतेक पायऱ्या त्यातूनच आल्या आहेत.

आपल्याकडच्या भटक्यांची यात एक अडचण असते. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत रानगुलाब उगवत नाही. दक्षिणेला नीलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत एक पांढरा रानगुलाब आहे, पण राजगड-हरिश्चंद्रगड पालथे घातलेल्या माणसाच्या नजरेला गुलाब म्हणजे फक्त बागेतला. त्यामुळे हिमालयात तो समोर असूनही ओळख पटत नाही.

पहिली पायरी: त्याचं गाव कुठलं ते आधी बघा

कुंजाचं शास्त्रीय नाव रोझा ब्रुनोनी. जॉन लिंडली या इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२० मध्ये ते दिलं, रॉबर्ट ब्राउन यांच्या सन्मानार्थ. शाळेत ब्राउनीय गती शिकलो, ते हेच ब्राउन. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञच. ब्राउन या आडनावाला लॅटिन वळण देऊन 'ब्रुनोनी' झालं.

त्याचा मूळ प्रदेश म्हणजे हिमालयाच्या कमरेभोवती बांधलेला एक लांब पट्टा. ईशान्य अफगाणिस्तानात सुरू होतो, उत्तर पाकिस्तान, काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, नेपाळ असा पूर्वेकडे सरकत म्यानमार आणि चीनच्या युनान-सिचुआनपर्यंत पोचतो. लांबी प्रचंड, रुंदी मात्र कमी, कारण ती उंचीने ठरते. आपल्या बाजूच्या हिमालयात कुंजा साधारण १,२०० ते २,४०० मीटरच्या दरम्यान भेटतो. त्याच्या खाली उन्हाळा फार कडक, वर थंडी फार. नकाशावर त्याला शोधताना राज्यांच्या सीमा बघू नका, उंचीच्या रेषा बघा.

'मूळ प्रदेश' हा शब्द नवख्यांनी नीट धरून ठेवावा. एखादं झाड एखाद्या गावात आज दिसतंय म्हणजे ते तिथलंच असं नाही. कुणी आणून न लावता जिथे ते आपोआप उगवतं, वाढतं आणि बी धरतं, तो त्याचा मूळ प्रदेश. कुंजा युरोपातल्या बागांमध्येही आहे, आणि तिथे बरीच वर्षं तो कस्तुरी गुलाब, म्हणजे रोझा मोशाटा, या दुसऱ्याच नावाने विकला गेला. हिमालयाबद्दलच्या जुन्या पुस्तकांतही हाच घोटाळा आहे. जुनं वर्णन वाचताना 'मोशाटा' दिसलं की ते बहुधा कुंजाचं आहे हे मनात ठेवा. खरा कस्तुरी गुलाब उन्हाळा सरता सरता फुलायला लागतो आणि शरदापर्यंत फुलत राहतो. कुंजा वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडी.

दुसरी पायरी: वेळ साधा

एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत. आपल्या हिशेबाने चैत्र-वैशाखात सुरू होऊन ज्येष्ठात संपतो. खालच्या दऱ्यांत आधी, वरच्या धारेवर पंधरा-वीस दिवस उशिरा. म्हणजे मेच्या सुट्टीत गेलात तर कुठल्या ना कुठल्या उंचीवर तो फुललेला सापडतोच.

कॅलेंडरपेक्षा मी एका खुणेवर जास्त भरवसा ठेवतो. रस्त्याकडेला पोरं काफळ विकायला बसली की कुंजा फुललेला असतो. काफळ ही लालसर, आंबट-गोड, बोराहून लहान फळं, मीठ लावून कागदाच्या पुडीत देतात. एक पुडी घ्या आणि देणाऱ्यालाच विचारा, "दाज्यू, कुंजा कहाँ मिलेगा?" कुमाऊंत, म्हणजे नैनिताल-अल्मोड्याच्या भागात, दाज्यू म्हणजे दादा. असं विचारलंत की माणूस काम बाजूला ठेवून वाट दाखवायला येतो. हिमाचलात गेलात तर 'कूजा' म्हणा.

फोनमध्ये उंची दाखवणारं एखादं ॲप घालून ठेवा. काठगोदाम सुमारे ५५० मीटरवर, नैनितालचा तलाव साधारण १,९४० वर, अल्मोडा १,६०० च्या आसपास. काठगोदामहून निघून खिडकीतून बघत बसलात तर कुंजा कुठे सुरू होतो ते तुमचं तुम्हालाच कळतं. पहिला झुपका दिसला की आकडा टिपून ठेवा.

तिसरी पायरी: मुळात गुलाब आहे का ते ठरवा

हिमालयाच्या त्या उंचीवर काटेरी झुडपं पुष्कळ. दोन झुडपं नवख्यांना हमखास चकवतात.

पहिलं हिसालू. गुलाबाच्याच कुळातलं, पांढरी पाच पाकळ्यांची फुलं, काटे, सगळं तसंच. पण त्याचं पान तीन पर्णिकांचं असतं, बेलासारखं, आणि मेमध्ये त्याला पिवळीजर्द, दाणेदार, तोंडात विरघळणारी फळं लागलेली असतात. महाबळेश्वरची रासबेरी खाल्ली असेल तर नातं लगेच लक्षात येईल. दुसरं किंगोड. त्याचे काटे एकेका जागी तीन-तीन फुटतात आणि फुलं पिवळी.

गुलाबाचं पान कढीपत्त्यासारखं असतं, एका दांडीवर समोरासमोर पर्णिका आणि टोकाला एक. म्हणून संख्या नेहमी विषम, बहुधा ५, ७ किंवा ९. कडा करवतीच्या. आणि काट्याची परीक्षा सगळ्यात सोपी. गुलाबाचा काटा हा सालीचाच उंचवटा आहे, आतल्या लाकडाशी त्याचा संबंध नाही. जाड काटा बाजूने अंगठ्याने दाबला तर खट्कन सुटतो आणि खाली बदामी आकाराचा गुळगुळीत डाग उरतो. लिंबाचा काटा असा सुटत नाही, फांदीची साल सोलवटून येते. घरी कुंडीतल्या गुलाबावर आधी करून बघा, म्हणजे बोटाला अंदाज येईल.

चौथी पायरी: फूल उलटं करा, मग सुलटं करून मधोमध बघा

इथे घाई करू नका. शक्य असेल तर दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग जवळ ठेवा. ते नसेल तर फोनचा कॅमेरा चालतो.

कुंजाची फुलं एकेकटी येत नाहीत. फांदीच्या टोकाला मोठा झुपका, त्यात कळ्या, उमललेली फुलं आणि पाकळ्या गळालेली फुलं एकाच वेळी. एक फूल तीन ते साडेचार सेंटिमीटर, पाच रुपयांच्या नाण्याहून मोठं. पाकळ्या पाच, पांढऱ्या. तीनचार फुलं नीट मोजा. ही मोजणी पुढे सातव्या पायरीला कामाला येणार आहे.

आता फूल उलटं करा. निदलं लांब आणि निमुळती, काहींच्या कडेला बारीक फाटे. उमललेल्या फुलात ती मागे वळून देठाकडे झुकलेली असतात. फळ पिकता पिकता ती गळून पडतात. कुंजाचं पिकलेलं फळ म्हणूनच बोडकं असतं, त्याच्या डोक्यावर हिरवी शेंडी राहत नाही.

मग सुलटं करा. पिवळ्या पुंकेसरांचं दाट कडं दिसेल. त्याच्या मधोमध काय आहे ते बघा. बागेतल्या बऱ्याच साध्या गुलाबांत तिथे एक चपटी गादी असते, टाचण्यांची डोकी जवळजवळ खोचल्यासारखी. कुंजात तसं नाही. सगळे कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसरांचे बारीक दांडे, एकमेकांना चिकटून त्यांची एकच बारीक काडी झालेली असते, आणि ती पुंकेसरांच्या मधून वर उभी राहते. टोकाला छोटी गाठ. आगपेटीची काडी उभी धरावी, तशी. भिंगातून ती काडी पहिल्यांदा स्पष्ट दिसली तेव्हा मी कितीतरी वेळ तिथेच उकिडवा बसून होतो. तेच फूल आधी शंभरदा पाहिलं होतं, पण काडी दिसली नव्हती.

ही काडी म्हणजे कुंजाच्या घराण्याची खूण. कुक्षीवृंत जुळलेल्या गुलाबांचा एक वेगळाच गट आहे, त्यातले बरेचसे चढणारे आणि झुपक्यांनी पांढरे फुलणारे. पाकळ्या झडून गेल्यावरही ती कोवळ्या फळाच्या टोकावर काही दिवस टिकते, म्हणजे बहर उलटून गेल्यावर पोचलात तरी ही खूण तपासता येते.

आणि वास घ्यायला विसरू नका, पण नाक फुलात खुपसून नव्हे. या गटातल्या गुलाबांचा वास मुख्यतः पुंकेसरांतून येतो आणि हवेवर लांब जातो. सकाळी ऊन चढायच्या आधी झुडपाच्या वाऱ्याखालच्या बाजूला पाचसहा पावलांवर उभे राहा. फुलावर मधमाश्यांची गर्दी असते, हेही नाक लांब ठेवायला पुरेसं कारण.

पाचवी पायरी: पान आणि काटा

कुंजाची पर्णिका लांबट, टोकदार, बोटाच्या दोन पेरांएवढी. वरून करड्या झाकेची हिरवी, खालून फिकट आणि बोट फिरवलं तर मऊ लव लागते. बहुतेक पानांत ५ किंवा ७ पर्णिका. पानाच्या दांडीची मागची बाजू चाचपून बघा, तिथे बारीक बारीक आकडे असतात.

खोडावरचे काटे खाली वळलेले, आकड्यासारखे. यामागे कारण आहे. कुंजाला काकडी-दुधीसारखे तणावे नाहीत, तो मनीप्लांटसारखी मुळंही चिकटवत नाही. लांबच लांब फांदी आधाराच्या झाडात घुसते आणि हे आकडे सालीत, फांद्यांत अडकवून स्वतःला तोलून धरते. वाऱ्याने हलली की आणखी घट्ट अडकते. तुमची बाही अडकली तरी हेच होतं. पुढे ओढू नका. फांदी ज्या दिशेने आली त्याच दिशेने एक पाऊल मागे जा, आकडा आपोआप सुटतो. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट घाला. ताणले जाणारे टी-शर्ट कुंजापुढे टिकत नाहीत.

सहावी पायरी: बंगल्यांच्या कुंपणापासून सावध

नैनिताल, मसुरी, सिमला इथे जुन्या बंगल्यांच्या छपरांवरून पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या फुलांचे लोट येतात. बहुतेक ठिकाणी तो बँक्सिया गुलाब असतो, मूळचा चीनचा, बागेसाठी आणलेला. फुलं लहान, पुष्कळदा अनेक पाकळ्यांची गच्च बटणं, आणि फांदीला काटे जवळजवळ नाहीत. काटा नसला की कुंजा नाही, एवढं पुरे.

दुसरा पाहुणा जास्त चकवतो: रोझा मल्टिफ्लोरा, जपान-कोरिया-चीनकडचा. त्याचीही फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची, झुपक्यांत. मधली काडीसुद्धा तशीच, कारण गट एकच. फरक बघायचा पानाच्या देठाच्या बुडाशी. तिथे दोन्ही बाजूंना चिकटलेली जी छोटी पट्टी असते ती उपपर्णं. मल्टिफ्लोरात तिच्या कडा कंगव्यासारख्या फाटलेल्या, कुंजात तशा नाहीत. फुलंही कुंजाहून पुष्कळ लहान. या मल्टिफ्लोराशी आपली ओळख जुनी आहे. गुलाबाचं कलम करताना चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे अंकुर, ज्या मुळासकटच्या झाडावर भरतात त्याला खुंट म्हणतात, आणि खुंट म्हणून तो वापरतात. कुंडीतल्या कलमी गुलाबाला बुडापासून वेगळ्याच पानांची जोमदार फूट येते, ती खुंटाची असते. सात पर्णिका दिसल्या की फांदी जंगली, असं सरसकट मानून ती कापू नका. कित्येक चांगल्या कलमी गुलाबांनाही सात येतात. फूट डोळ्याच्या खालून निघाली आहे का ते बघा.

सातवी पायरी: वर चढा आणि शेजारी भेटा

२,४०० मीटरच्या वर गेलात की कुंजा मागे पडतो आणि दुसरे रानगुलाब सुरू होतात. दोन हजारांच्या वरच्या पट्ट्यात काही काळ एकमेकांत मिसळतातही, म्हणून नवख्यांचा गोंधळ नेमका तिथे होतो.

पांढरंच फूल, पण पाकळ्या चार? तो रोझा सेरिसिया. गुलाबाला पाच पाकळ्या हा नियम मोडणारा. फूल एकेकटं, पर्णिका बारीक आणि जास्त. कधीकधी पाच पाकळ्याही येतात, म्हणून एका फुलावर निकाल देऊ नये.

गडद गुलाबी, तळहाताच्या अर्ध्याएवढं मोठं फूल आणि पुढे बाटलीच्या आकाराचं लाल फळ, तो रोझा मॅक्रोफिला. उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सजवळच्या घांगरियाच्या आसपासच्या उंचीवर जून-जुलैत लक्ष ठेवा. या दोघांच्या फळावर निदलांची शेंडी टिकून राहते, कुंजासारखी गळत नाही.

आणि खिंड ओलांडून पलीकडच्या कोरड्या मुलखात, लाहौल, स्पिती, लडाखमध्ये गेलात, की ओढ्याकाठी, शेताच्या बांधांवर गुलाबी फुलांची गच्च काटेरी झुडपं लागतात. तो रोझा वेबियाना. तो कशावर चढत नाही, म्हणून त्याचे काटे सरळ आहेत, आकडे नाहीत. पर्णिका नखाएवढ्या, जवळजवळ गोल. पाऊस जवळजवळ नसलेल्या हवेत पान लहान ठेवणं त्याला परवडतं. बाल्टी भाषेत या गुलाबाला सिया म्हणतात, आणि सियाचीन या नावाचा अर्थ 'जिथे गुलाब मुबलक आहेत ती जागा' असा सांगतात. जुलैत नुब्रा खोऱ्यात फिरताना ती झुडपं बघितली की ते नाव बर्फाच्या नदीला कसं पडलं असेल याचा अंदाज येतो.

आठवी पायरी: नोंद नीट करा

एका झुडपाचे पाच फोटो काढा. पूर्ण झुडूप आधाराच्या झाडासकट, फुलाचं तोंड अगदी जवळून, मधली काडी दिसेल असं, फुलाची पाठ, एक पूर्ण पान, उपपर्णांसकट आणि उलट्या बाजूनेही, खोडावरचे काटे. लोक दहा फोटो काढतात आणि दहाही फुलाच्या तोंडाचे असतात. मग जाणकारांना विचारलं तर त्यांनाही काही सांगता येत नाही. सोबत तारीख, उंची आणि जागा लिहा. हे सगळं आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवलंत तर ओळख पक्की करायला मदत मिळते, आणि कुंजा कुठल्या उंचीवर कधी फुलला याची नोंदही राहते.

फांदी पुण्या-मुंबईला आणायचा मोह होईल. आणू नका. त्याला डोंगरातली थंडी लागते आणि वीस-तीस फुटांची जागा लागते. आपल्या गॅलरीत दोन्ही नाही. बिनसरसारख्या अभयारण्यात तर काहीच तोडायचं नसतं. गळून पडलेलं फूल उचलून बघायला हरकत नाही, चौथ्या पायरीसाठी तेवढं पुरतं.

जमलं तर त्याच झुडपापाशी ऑक्टोबरमध्ये परत जा. झुपक्यांच्या जागी वाटाण्याहून थोडी मोठी, तांबूस-तपकिरी फळं असतील. एखादं चिरा. आत कडक बिया आणि त्यांच्याभोवती बारीक ताठ केस दिसतील. ते घशाला आणि कातडीला खाज आणतात, म्हणून फळ तसंच तोंडात टाकू नका. खरं तर त्या बिया म्हणजेच गुलाबाची खरी फळं, बाहेरचं आवरण हा फुलाच्या देठाचा फुगलेला भाग. मेमध्ये तळहातावर उलट्या ठेवलेल्या फुलाखाली जो छोटा गड्डा दिसला होता, तोच आता पिकलेला आहे.